रश्शातला गवती चहा

गीताबाई: मग सम्राटला फोन करून सांगा, आई एकलीच जाती म्हनून.

रंभाजी: तसं कुटं म्हनलो मी? गुडघं दुखत्यात, येवढंच म्हनलो.

गीताबाई: परवा शेजारच्या धनश्रीच्या हळदीला दिसभर सैपाकाच्या भट्टीपशी हुबं हुता, तवा न्हाई दुखलं. पोरानं दोघांची तिकिटं काढली. विहारातली समदी मंडळी निगाली. थायलंडातली सोन्याची बुद्धमूर्ती बघायची म्हनून मी किती वर्सं बोलतीय. आन आता तुमीच पाय मागं घेता.

रंभाजी: मूर्ती बघ की तू. पर ते लोक एक दिस पटायाला बी नेनार. मला ते गाव आता बघवायचं न्हाई. खतवाला मच्छिंद्र जाऊन आला, म्हनला जुनी गल्ली पाडली समदी. पत्र्याचे बार हुते गं, चार बाकडी, वर लाल दिव्यांची माळ. एक म्हातारा गिटार वाजवायचा, त्याला दोनच गानी यायची. समुद्राचा वारा सुटला की माळा हालायच्या, आन निम्मी गल्ली उजेडात, निम्मी अंधारात. लई गोड दिस हुते.

गीताबाई: तुमी खताच्या दुकानदारांच्या टूरला आचारी म्हनून जायचा. त्यांला परदेशात बी भाकरी-रस्साच लागायचा. मग बारमधी कवा बसलात?

रंभाजी: बसलोच न्हाई. हॉटेलवाला फोडनी दिऊ दीना, ठसका उठतो म्हनून. मग एका बारच्या मागल्या अंगाला चूल मिळाली. तिथनंच दिसायचं समदं.

गीताबाई: मिळाली म्हंजी? कुनी दिली?

रंभाजी: बारवाल्यानं.

गीताबाई: बारवाल्यानं का बारवालीनं?

रंभाजी: हुती एक बाई. नवरा वारलेला, एकटीच बार चालवायची.

गीताबाई: नाव काय तिचं?

रंभाजी: कुनाला ठाव? तिला मराठी येत न्हाई, मला तिची भाषा न्हाई. कांदा दाखवला की कांदा द्यायची.

गीताबाई: धा वर्सं दरसाल तिच्याच चुलीवर सैपाक केला, आन नाव ठाव न्हाई.

रंभाजी: तुझं डोकं नको तिकडंच पळतं बग.

गीताबाई: पळू द्या. एक सांगा. त्या टूरला जायच्या आदी तुमी मटनाच्या रश्शात गवती चहा घालत न्हवता.

(उद्याच्या जेवणावळीसाठी गवती चहाच्या पाती निवडणारा रंभाजीचा हात थांबतो.)

रंभाजी: तिकडं समदेच घालत्यात.

गीताबाई: आख्ख्या तिसगावात तुमच्या रश्शाचं नाव हाय. बाया मला इचारत्यात, भाऊ घालत्यात तरी काय? मी तोऱ्यात सांगती, आमच्या मोरीपशी लावलाय त्यो गवती चहा. उन्हाळ्यात टँकरचं पानी मानसाला पुरत न्हाई, तरी मी त्या गड्ड्याला पानी तोडलं न्हाई. वाटायचं, माझ्या हातचं कायतरी तुमच्या रश्शात जातंय.

रंभाजी: जातंयच की.

गीताबाई: तिनं शिकीवलं ना?

रंभाजी: व्हय. पाती ठेचायची, गाठ मारायची आन उकळीत सोडायची. हातानं दाखीवलं. त्याच्या पल्याड काय न्हाई गीता. सम्राटची आन घेतो.

गीताबाई: पोराची आन नका घिऊ. काय न्हवतं, तर भ्या कशाचं? चला माझ्यासंगं. गल्ली पाडली म्हनता, मग तुमाला वळखायला तितं कोन ऱ्हायलंय?

रंभाजी: कोन न्हाई. तेच तर.

गीताबाई: काय, तेच तर?

रंभाजी: समदंच पाडलंय. तितं जाऊन इचारायचं तरी कुनाला, नोई कुटं गेली म्हनून?

गीताबाई: ...नाव चांगलं हाय. उद्यापासनं त्या गड्ड्याला पानी तुमीच घाला.