नाक झिजलेली राणी

रंगनाथशेठ : हे काय आणलंस रे योगेश? भंगारवाला पलीकडच्या गल्लीत बसतो.

योगेश : शेठ, राणीछाप रुपया आहे, अस्सल चांदीचा! तुम्हीच म्हणालात ना, चांगलं नाणं असलं तर अमेरिकेला पाठवून ग्रेडिंग करून, दर्जा ठरवून घेऊ? सीलबंद डबीत येतं म्हणे, मग दसपट किंमत.

रंगनाथशेठ : चांगलं असलं तर! राणीला नाक तरी उरलंय का बघ. आणि वर ही कडी कोणी डाख देऊन बसवली?

कुसाबाई : माझ्या आईच्या गळ्यातला हाय, शेठ. मंग माझ्या गळ्यात आला.

योगेश : आये, तू गप बस. मोठ्या माणसांत बोलू नको.

रंगनाथशेठ : झिजलेला, कडीचाही पाठवला असता मी, हे साल सहसा मिळत नाही. पण ही चमक कसली? कोणी घासला?

कुसाबाई : म्या. चिंच लावली, राख लावली, काथ्यानं चोळला. पंचवटीत यायचं तर मळका कसा आणावा?

रंगनाथशेठ : धन्य आहे! अहो मावशी, तो काळा थर म्हणजे त्याचं वय. तुम्ही खरकट्या भांड्यांबरोबर धुऊन टाकलंत! ग्रेडिंगवाले हसतील मला. पेठ तालुक्यातून कुठून कुठून येतात एकेक नग!

योगेश : हात लावू नको म्हणून बजावलं होतं ना मी? डोकं आहे का खोकं? मोटरसायकल बुक करून बसलोय तिकडं!

कुसाबाई : मला अडाणी बाईला काय ठावं?

योगेश : शेठ, मोडीत तरी?

रंगनाथशेठ : एसटीचं भाडं सुटेल कसंबसं. उचला आता, गिऱ्हाईक खोळंबलंय.

(दुकानाबाहेर, पायरीवर.)

योगेश : घे तुझं ते नाणं. शेठसमोर पार इज्जत घालवलीस माझी.

कुसाबाई : दे. दोरा आणलाय म्या.

योगेश : दोरा? घरूनच?

कुसाबाई : ह्याच्या जोडीचा माझा दुसरा रुपया तुझ्या थोरल्या भावानं ह्याच शेठला विकला. तवा म्या ह्याच पायरीवर बसले व्हते. शेठ आतून म्हणला, "घासलेला नाय ना? मग घेतो." त्या दिशी घास उतरला नाय मला.

योगेश : म्हणजे तू मुद्दाम...

कुसाबाई : लय बोलतो तू. धर हा दोरा, मागं गाठ मार. घट्ट मार.