वहिनींचं वजन किती?

...वजन विचारलं हो! माझं! त्रेचाळीस पुरुषांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळी सव्वासातला, 'वहिनींचं वजन किती?' असा सरळ सवाल, आणि आमच्या नवऱ्यानं... तुम्हाला वाटेल चिडला असेल, निदान एखादा रागावलेला लाल चेहरा तरी टाकला असेल... छे! उत्तर दिलं. चौपन्न. वर आणखी, 'लग्नानंतर वाढलं असेल एखाददोन, बघून सांगतो.' आणि मी त्याच्या शेजारीच बसून लसूण सोलत होते, मला सगळं दिसत होतं. मी काही बोलले नाही. नवीन लग्न झालंय ना.

थांबा. असं मधूनच सुरू केलं की लोकांना वाटतं हीच भांडखोर. पहिल्यापासून सांगते.

आमच्या विनीतकडे गाडी आहे. लग्न ठरताना 'मुलाची स्वतःची गाडी आहे' असं सांगितलं होतं, आणि खोटं नव्हतं ते, पण कुठली ते कुणी विचारलं नाही! सत्त्याण्णव सालची, जपानी, लालभडक, स्पोर्ट्स कार, दोन दारं, दोनच सीटा, आणि जमिनीला इतकी टेकलेली की तिच्यात माणूस बसत नाही, पडतो, आणि उतरताना दोघांनी हात धरून उपसून काढावं लागतं. पण तुम्हाला सांगते, मला आवडली होती. खरंच. साखरपुड्यानंतर सीफेसवरून नेलं त्यानं मला, काच खाली, समुद्र माझ्या बाजूला, आणि म्हणाला, 'नूपुर, ही दुसरी सीट इतकी वर्षं रिकामी होती. आता तुझी.' आता असं कुणी म्हटल्यावर काय करणार सांगा? विरघळले. तिथेच फसले.

माझं मागणं एवढंसं होतं हो. परदेश नको, हिऱ्याच्या कुड्या नकोत, पहिल्या दिवाळसणाला त्या सीटवर बसून गिरगावात माझ्या माहेरी जायचं. बस्! चाळीच्या दारात गाडी थांबावी, तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर यावीत, आणि मी पैठणी सावरत दार उघडून उतरावं... म्हणजे, कुणीतरी उपसून काढावं. एवढी एक हौस.

पण गाडी तापायची.

आता गाडी तापली तर माणूस गॅरेजमध्ये नेईल ना? हे लोक ग्रुपमध्ये नेतात. 'रेड लाईन मुंबई' नाव त्याचं. जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा ग्रुप. ॲडमिन हितेंद्र, माहीमचा, सगळे त्याला हितूदादा म्हणतात, आणि हितूदादांची स्वतःची गाडी गेली चार वर्षं विटांवर उभी आहे, चाकं काढून, पण सल्ला? सल्ला विचारून बघा! 'गाडी तापते' एवढं लिहायचा अवकाश, त्रेचाळीस डॉक्टर हजर. एक म्हणतो रेडिएटर बदल, दुसरा म्हणतो हात लावू नकोस, ओरिजिनल आहे, असा परत जन्मात मिळणार नाही, तिसरा म्हणतो कूलंट हिरवं टाक, चौथा म्हणतो हिरवं म्हणजे विष रे, गुलाबी टाक, आणि तो दादरचा अवधूत, त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध... 'एक्झॉस्ट मोठा लाव भावा.' तापते? एक्झॉस्ट मोठा लाव. काच वर होत नाही? एक्झॉस्ट मोठा लाव. त्याच्या आईचे गुडघे दुखत असतील तर त्या बाईला काय सांगत असेल, देव जाणे.

आणि मला कळत होतं ना काय झालंय ते! माझे बाबा बसडेपोत छत्तीस वर्षं फिटर होते, आमच्याकडे जेवताना लोणच्याइतकाच गिअरबॉक्स चघळला जायचा. मी गप्प बसून बघत होते. सीफेसवर पळाली की गाडी गार, सिग्नलला उभी राहिली की काटा वर. पळाली की गार, थांबली की गरम. आणि सिग्नलला आजूबाजूच्या गाड्यांच्या पोटातून पंखा सुरू झाल्याची घर्रर्र ऐकू यायची, आमच्या गाडीतून कधीच नाही. पंखा फिरत नव्हता हो! इतकं साधं! म्हणून जुलैमध्ये एकदाच, अगदी हळूच म्हटलं, 'विनीत, तो पुढचा पंखा एकदा बघायचा का?' तर हसला. प्रेमानं हसला, ते जास्त लागतं. 'अगं वेडे, गाडीचा पंखा म्हणजे काय आपल्या हॉलमधला पंखा आहे?' आणि लगेच ग्रुपवर... 'बायको म्हणते पंखा बघ'... पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले तीन चेहरे. हितूदादांनी लिहिलं, 'वहिनींना म्हणावं चहा टाका.'

मी काही बोलले नाही. चहा टाकला. नवीन लग्न झालंय ना.

मग हितूदादांचं निदान आलं. आवाजी मेसेज, साडेचार मिनिटांचा, मागे कुकरच्या शिट्ट्या. 'विनीत, ऐक माझं. गाडीवर लोड आहे. वजन कमी कर.' झालं! दुसऱ्या दिवशी एसी काढला. जुलैत! मग गालिचे काढले, मग टेप काढला, मग स्टेपनी काढली, आणि गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू लिफ्टनं आमच्या घरात. आम्हाला वरळीच्या चाळीतून आत्ता कुठे टॉवरमध्ये घर मिळालंय, सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा पाय लांब करून झोपायला लागल्यात, आणि त्यांच्या पायाशी काय? गाडीचा एसी. देवघराखाली स्टेपनी. संकष्टीला मी रोज वाहते त्यापेक्षा दोन फुलं जास्त घेतली तर सासूबाई म्हणाल्या, 'एक त्या टायरवर पण ठेव, तोच आता घरचा देव.'

गाडी तरी तापतेच! मग कुणीतरी लिहिलं, पॅसेंजर सीट अठरा किलोची असते. कुणी लिहिलं, आणि वर वहिनी. मग तो सवाल. मग ते उत्तर. आणि मग हिशोब... 'अठरा अधिक चौपन्न, बहात्तर! बहात्तर किलो घेऊन पेडर रोडचा चढ चढतोस भावा, तापेल नाही तर काय करेल बिचारी?'

बिचारी कोण? गाडी!

आणि विनीतचं स्वतःचं वजन ब्याण्णव आहे. ते कुणी विचारलं? नाही. ते इंजिनाला जड जात नाही, मालकाचं वजन म्हणजे काय वजन असतं होय?

चार नट. फक्त चार नट असतात तुम्हाला सांगते, वीस मिनिटांत सीट बाहेर. ज्या सीटवर 'आता तुझी' म्हणाला होता, ती खांद्यावर घेऊन घामाघूम होऊन वर आला आणि हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवली. म्हटलं चला, निदान घरात तरी बसू तिच्यावर. मी हात पुसून येईपर्यंत सासूबाई बसल्यासुद्धा! बाजूची कडी ओढली, पाठ धाडकन मागे गेली, आणि झोपल्या झोपल्या म्हणतात कशा, 'अगोबाई! ही तर आडवी होते!' त्या दिवसापासून दुपारच्या मालिका, रात्रीच्या मालिका, नामस्मरण, भाजी निवडणं, सगळं त्याच सीटवर. मी काही बोलले नाही. त्यांचे गुडघे दुखतात, आणि माझं नवीन लग्न झालंय.

दिवाळी आली. म्हटलं, 'विनीत, दिवाळसणाला मी कशी जाऊ?' म्हणाला, 'टॅक्सी आहे की! मी पुढे, तू मागनं. आणि बॅगा तू घे हां, गाडीत वजन नको.'

तर पाडव्याच्या सकाळी हा जावई लाल गाडीत एकटा पुढे, आणि ही लेक पैठणी नेसून, दोन बॅगा आणि फराळाचा डबा घेऊन काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागे! हाजीअलीच्या सिग्नलला बघते तर गाडी कडेला, बॉनेट उघडं, आतून वाफ, आणि हा पंजाबी कुर्त्यानं वारा घालतोय. मला बघितलं, हात हलवला... 'जा, जा, तू हो पुढे!' गेले पुढे. काय करणार?

आणि पोचले एकटी. आता विचार करा तुम्हीच... पहिली दिवाळी, भरजरी साडी, दोन बॅगा, आणि जावयाचा पत्ता नाही. गॅलरीतली डोकी आली बरं का बाहेर! तिन्ही मजल्यांची आली! शेजारच्या शेवंतीकाकू कठड्यावरूनच, 'अगो, भांडान इलंय काय?' आई ओवाळायचं तबक घेऊन दारात, निरांजन कलंडलं. 'काय झालं गं? मारलं का त्यानं?' म्हटलं, 'नाही गं आई, गाडीत जागा नव्हती.' 'दोघांच्या गाडीत जागा नव्हती? मग दुसरी कोण होती?' अहो, रडायलाच लागली ती! शेवंतीकाकू वरून म्हणतात, 'माका लग्नातच वाटला होता, मुलग्याची नजर बरी नाय.' पाऊण तास! पाऊण तास मी सगळ्या मजल्यांना समजावत होते की दुसरी कुणी नाही, अठरा किलोची सीट काढून ठेवलीय.

मग आला एकदाचा. हॉर्न वाजवत आला. पोरं धावली, फोटो काढले, शेवंतीकाकूंनी कडाकडा बोटं मोडली त्याच्यावरून. जी डोकी माझ्यासाठी बाहेर यायची होती ना, ती सगळी आली... त्याच्यासाठी.

आणि बाबा खाली उतरले. लेंगा, गंजी, कपाळाला उटणं तसंच. बॉनेट उघडलं, वाकले, दोन मिनिटं. 'जावयबापू, ह्यो पंखोच फिरणा नाय हो.' आत कुठेतरी वायरची पिन निसटली होती. बाबांनी अंगठ्यानं दाबली. घर्रर्र!

विनीतनं सगळ्यांदेखत बाबांना मिठी मारली. 'बाबा, तुम्ही देवमाणूस! त्रेचाळीस जणांना सापडलं नाही!' मी करंज्यांचं ताट धरून तिथेच उभी होते. त्रेचाळीस जणांना नाही सापडलं. बरोबर आहे. त्रेचाळिसांत मी नाहीच ना! ग्रुपवर पडलं, 'सासऱ्यांनी दोन मिनिटांत शोधलं. पंखा!' टाळ्यांचा पाऊस. हितूदादांनी लिहिलं, 'मला वाटलंच होतं.' आणि खाली, 'काकांना ग्रुपमध्ये घ्या.' घेतलं! चव्वेचाळीस.

पण मी म्हटलं, असू दे. श्रेय गेलं उडत, आता गाडी तापत नाही, सीट परत येईल. आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी स्पष्ट बोलले हो, घसा खाकरून बोलले. 'विनीत, माझी सीट परत लाव.' तो म्हणाला, 'ग्रुपवर विचारतो.' मतदान ठेवलं! 'सीट लावावी का?' म्हटलं ठेव, आता आत माझा जन्मदाता बाप बसलाय, एक मत तर कुठे जात नाही माझं. रात्री बाबांचा मेसेज आला. 'सीट कित्याक व्हयी? गाडी हलकी झाली, उचल बरी घेता. नूपुर काय, टॅक्सीन येयत.'

चव्वेचाळीस विरुद्ध शून्य.

आईला फोन केला तर आई म्हणते, 'त्यांना किती वर्षांनी कुणीतरी काही विचारतंय गं. संध्याकाळी दाढी करून बसतात फोन घेऊन. काही बोलू नकोस.' मी काही बोलले नाही.

आणि गेल्या आठवड्यात सीट परत लागली. हो! लागली! हितूदादांचा हुकूम आला, 'काकांनी चालत्या गाडीत इंजिन ऐकलं पाहिजे, त्यांना शेजारी बसवा.' बसवायला सीट लागते, नाही का? मग विनीतनं सासूबाईंना मालिका चालू असताना उठवलं आणि सीट खाली नेली. चार नट, वीस मिनिटं. बाबांचं वजन एक्क्याऐंशी आहे. नाही, नाही कुणी विचारलं. आणि सासूबाई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीयेत. 'तुझ्या बापानं माझी खुर्ची नेली' म्हणून मला ऐकवतात, विनीतला नाही. दुपारी हॉलमध्ये जमिनीवर बसतात, मुद्दाम, मला दिसेल अशा.

रविवारी सगळ्यांचं मरीन ड्राइव्हला जमायचं ठरलं. ग्रुपवर फर्माईश आली, 'वहिनींच्या हातचे कांदेपोहे.' चव्वेचाळीस माणसांचे! पहाटे उठून केले. बाबा आदल्या रात्रीच आमच्याकडे येऊन राहिले होते. हे दोघं निघाले, बाबांनी काच खाली केली, समुद्र त्यांच्या बाजूला, डोळे मिटून इंजिन ऐकतायत, चेहऱ्यावर असं समाधान की माझ्या लग्नातसुद्धा मी बघितलं नव्हतं. मी मागे टॅक्सीत, मांडीवर गरम पातेलं.

टॅक्सीवाला आरशातून बघत म्हणाला, 'मॅडम, वो लाल गाडी में आपके कौन हैं?'

म्हटलं, 'भैया, मायका भी उसी में है, ससुराल भी.'

त्यानं आरसा माझ्याकडे वळवला, म्हणतो, 'और आप?'

म्हटलं, 'मी? मी पोहे घेऊन येतेय.'