टेबल आणि दोन खुर्च्या

—असे इकडून या साहेब, आणि त्या स्टँडला हात लावू नका, कडा घासायच्या राहिल्यात, बोट कापेल. हं, तर यंदा परीक्षेला खिडकीच्या जाळ्या का नाहीत, विचारत होतात. वरून फर्मान आलं ना — पोरांना कल्पक काहीतरी करू द्या. आता कल्पकता काय बाजारातून किलोवर आणायची? मग मीच डोकं लढवलं. म्हटलं, पोरांनो, आपापल्या घरात डोळे उघडून बघा, काय कमी आहे, आणि तेच बनवा. आहे की नाही सोपं? आम्हा वेल्डिंगवाल्यांना सोपंच बरं, काळ्या काचेतून ठिणगीपलीकडचं आम्हाला दिसतंय कुठे.

आता हा चपलांचा स्टँड. हा सायकलच्या चेनचा दिवा — ह्या पोराचे आजोबा जिन्यात धडपडतात म्हणून. आणि हा घोडा, कुंड्या ठेवायचा, आमच्या उंटानं केलाय — उंच आहे म्हणून उंट — पण पठ्ठ्यानं तो कामाच्या टेबलालाच जोडून टाकला. टाका मारताना खाली काय आहे ते बघायचं असतं, शंभरदा सांगून झालं. आता टेबलासकट घरी नेणार का? हसू नका, दर वर्षी एक तरी असा निघतोच.

ते? ते जेवणाचं टेबल. त्याचं राहू द्या शेवटी. म्हणजे वाईट नाही हो, पण — आता तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या मुलीचं आहे. ह्याच वर्गात शिकते. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, बापानं लेकीला मार्क दिले तर लोक तोंडात शेण घालतील. तुम्ही ठोकून बघा, तुम्हीच ठरवा. पास झालं तर आज टेम्पोनं घरी जाईल, सांधा सुटला तर इथेच भंगारात. सगळ्यांना तोच नियम.

सांध्याची शिवण बघा कशी आहे, वेणी घातल्यासारखी. शेवटी मुलगी कोणाची — अं? हो, खुर्च्या दोनच आहेत. तुमच्या लगेच लक्षात आलं, मला वेळ लागला. मला वाटलं पाइप संपला. म्हटलं, अगं, घरात आपण तिघं, मागून घ्यायचा ना. तर म्हणाली, "पाइप उरलाय, बाबा." बस, एवढंच, आणि तोंडावर काच ओढून पुन्हा कामाला लागली.

आता मी घरी जेवायचा कधी, तुम्हीच सांगा. सकाळची बॅच, दुपारची बॅच, संध्याकाळी कच्च्या पोरांची जादा बॅच — लोकांच्या लेकरांसाठी हाडाची काडं केली मी. माझं ताट ओट्यावर झाकून असतं, उभ्याउभ्या जेवतो, कोणाला त्रास नको. बायकोनं आजवर चकार शब्द काढला नाही. शब्द काढायला मी समोर असायला हवा म्हणा. आणि मुलीचं तसं चुकलं काहीच नाही, जे कमी आहे तेच बनवा म्हटलं होतं, तेच बनवलं. माझी काही त्यांना उणीव भासत नाही. म्हणजे भासत असेल पूर्वी, आता सवय झालीय त्यांना. वाईट वाटतं हो, नाही असं नाही.

घ्या हातोडा. इथे, पायाच्या सांध्यावर. असं नाही, टिचकी मारताय का — जोरात. आता मागून मारा, मागच्या बाजूला एखादं भोक राहतं, भल्याभल्यांचं राहतं. नाही? मग त्या खुर्चीच्या पाठीला. तिथेही नाही? द्या इकडे, मी मारतो.

...

...

तडा नाही. केसाएवढासुद्धा नाही.

लिहा, पास. तिसरी? तिसरी मीच करू म्हणता, उरलेल्या पाइपाची? अहो, मला कुठे वेळ आहे, ती बघा संध्याकाळची बॅच दारात येऊन उभी राहिली. निघा तुम्ही.