सिंधूबाई आणि बाह्यांचा नियम

मंडळी, आज कीर्तनाला एक साधाच प्रश्न घेऊन उभा आहे. 'हे बरं दिसत नाही' असं आपण दुसऱ्याला दिवसातून दहादा म्हणतो. तेव्हा अडचण कुठे असते? समोरच्याच्या अंगावर, की आपल्या डोळ्यात? लगेच मान हलवू नका. आधी ऐका.

चंद्रपूरकडचं एक तालुक्याचं गाव. तिथलं जमीन मोजणीचं कार्यालय. मे महिना — आणि तिकडचा मे म्हणजे काय, ते तिकडे राहिलेल्यालाच ठाऊक! कूलरला वाळ्याचे तट्टे लावलेले, त्यांचा ओला वास, पंख्याची संथ घरघर, आणि रॅकवर गुंडाळून ठेवलेली शेकडो गावं. गावांचे नकाशे हो! पण त्या अर्धवट उजेडात ती गावंच झोपलीत असं वाटायचं.

या कार्यालयाच्या प्रमुख सिंधूबाई उरकुडे. एकतीस वर्षं नोकरी. मनगटापर्यंत बाह्या, आवाज हळू, सही ठसठशीत.

एका सकाळी वरिष्ठ लिपिक मत्ते त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, त्या केतकी डाहुलेंचं काही तरी करा. बिनबाह्यांचे कपडे घालून काउंटरवर बसतात. बाहेरचे लोक येतात. वातावरण बिघडतं."

केतकी कंत्राटावर होती. महिनाअखेरीला तिचं कंत्राट वाढवायचं की नाही, ते सिंधूबाईंच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मत्त्यांनी तोही कागद बरोबर आणला होता. किती तयारीचा माणूस बघा! 'वेशभूषा अनुचित' एवढं लिहायचं, की पोरगी घरी.

आता मी तुम्हाला विचारतो, मागे गाभाऱ्यात आमचे गुरुजी उघड्या अंगाने पूजा करतात. त्यांचे दंड दिसतात. तुमच्यापैकी कुणाचं वातावरण बिघडलं? नाही ना? बरं. पुढे ऐका.

सिंधूबाईंनी सही केली नाही. म्हणाल्या, "आधी बघते." आणि खुर्ची घेऊन काउंटरमागे नकाशांच्या खोलीत जाऊन बसल्या.

दुपार चढली. माणसं येत होती, कागद घेऊन जात होती. केतकीचा फिकट पिवळा कुर्ता, मोकळे दंड. ती वरच्या रॅककडे हात उंचावायची, एखादं गाव अलगद खाली काढायची. सिंधूबाईंना गुंगी आल्यासारखं झालं. जागेपणी स्वप्न पडावं तसं.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा आले. त्यांचं गाव कधीच धरणाखाली गेलेलं.

"माय," ते म्हणाले, "बुडायच्या आधीचा नकाशा हाये का? माह्यं घर पाहाचं होतं."

केतकीने शोधून काढला. जुना कागद, सोडला की पुन्हा गुंडाळायचा. मग तिने दोन्ही हात कोपरापर्यंत त्यावर टेकले आणि गाव उलगडून धरलं. बाबांचं बोट ओढ्यावरून निघालं, देवळाला वळसा घालून, विहिरीपाशी थबकलं.

"हे," ते म्हणाले. बोट तिथून हललंच नाही. डोळ्यांतलं पाणी टपकलं ते केतकीच्या उघड्या हातावर. तिने पुसलं नाही. हात हलला असता तर गाव मिटलं असतं ना!

खोलीत निळसर थंड उजेड होता. जणू सगळी खोलीच त्या पाण्याखाली गेली होती आणि खाली एक घर अजून उभं होतं.

बाबा गेल्यावर सिंधूबाईंच्या ध्यानात आलं: सकाळपासून इतकी माणसं आली, त्या दंडांकडे दोघांनीच पाहिलं. एक मत्ते. आणि दुसऱ्या?

दुसऱ्या त्या स्वतः.

का पाहिलं? मंडळी, इथे बाई स्वतःशी खोटं बोलल्या नाहीत. त्यांना आपला नोकरीतला पहिला दिवस आठवला. आईने शिवलेलं आकाशी पोलकं, बिनबाह्यांचं. तेव्हाचे हेडक्लार्क मान वर न करता म्हणाले होते, "उद्यापासून बाह्या लावून या." घरी आकाशी कापड उरलं नव्हतं. आईने पांढऱ्या बाह्या जोडल्या. वर्षभर तेच पोलकं. केतकीच्या मोकळ्या दंडांचा हेवा होता तो, मंडळी. त्याला नाव मात्र औचित्याचं मिळणार होतं.

त्यांनी मत्त्यांना बोलावलं. "आज किती लोक आले?"

"चाळीसेक."

"तक्रार कुणी केली?"

"त्यांनी नाही, मॅडम. पण मला काम करताना..."

"मग तुमची खुर्ची भिंतीकडे वळवू या," सिंधूबाई शांतपणे म्हणाल्या. खुर्ची वळली.

मग केतकीपाशी गेल्या. "मी दिवसभर तुझ्याकडे बघत होते."

"हो मॅडम," पोरगी म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही माझं काम बघताय."

बाई मागे वळल्या. खोलीत जाऊन शेरा लिहिला: काम उत्तम, मुदत वाढवावी. आणि फलकावर नियम लावला: कपडे स्वच्छ, नीटनेटके असावेत. बाह्यांची लांबी हे कार्यालय मोजणार नाही.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी सिंधूबाई स्वतः बिनबाह्यांचं घालून आल्या असतील. नाही. लांब बाह्यांतच आल्या. त्यांना आता तेच बरं वाटतं. पण एकतीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा त्या बाह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, कुणी लावायला सांगितलेल्या नव्हत्या.

आता तुमच्याकडे वळतो. उद्या घरात सुनेला, ऑफिसात कुणा मुलीला 'हे बरं दिसत नाही' म्हणायला तोंड उघडेल, तेव्हा घटकाभर थांबा. विचारा मनाला, मी तिचं काम बघतोय की आणखी काही? आणि माझ्या मनात जे दुखतंय, ते तिने केलं आहे का?

चला, नाम घेऊ या. सगळ्यांनी दोन्ही हात वर करा. आणखी वर, आजी. बाही घसरली तर घसरू द्या. तो वरून बघणारा बाही बघत नाही.