घोरणं थांबलं की बरं वाटायचं
मी पापनाशमची, लग्न होऊन तंजावरास आले, माहेरी-सासरी दोन्हीकडं घरात मराठी आणि दार ओलांडलं की तमिळ. तुम्ही लिहिता ती अक्षरं मज वाचता येत नाहीत हो, बोलणं तेवढं येतं. आमचे हे बँकेत क्लार्क. माणूस देवासारखा, पण घोरणं, अय्यो, काय सांगू तुम्हांस! दुपारी जेवून तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, आडवे झाले की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मी करवादायची, अहो, लोकं हसतात, कूस तरी बदला म्हणून. ते डोळे उघडून म्हणायचे, क्षमा कर गं, घोरलो काय? वीस वर्षं हेच.

मधेच घोरणं एकदम बंद पडायचं. हुश्श, आता शांत निजले म्हणून मी कॉफी टाकायला उठायची. मग घशात काही अडकल्यागत दचकून परत सुरू. ती मधली शांतता मज आवडायची हो. जळली मेली माझी आवड!

पुढं बँकेत कम्प्यूटर आले. हे खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे, एकच कागद दोनदा लिहायचे, नावं विसरायचे. सगळे म्हणाले, कम्प्यूटरची भीती बसली, जुन्या माणसांस जमत नाही. मीही तेच म्हणाले. हे मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले. एके दिवशी भाजीवालीनं तमिळात काही विचारलं, तर हे माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, ही काय म्हणते? जन्म तंजावरात गेलेला माणूस!

मद्रासेस नेलं. डॉक्टर म्हणाले, निजेत यांचा श्वास थांबतो, मेंदूस हवा पुरत नाही. विसरणं त्यानंच काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, संबंध असेल, नक्की सांगता येत नाही. मग मलाच विचारलं, श्वास कधीपासून थांबतो? मी काय सांगणार? मी कॉफी टाकत होते.

नाकास लावायचं यंत्र आणलं, ते उपटून फेकतात. मुलास मराठी समजतं पण बोलता येत नाही, तो तमिळात अप्पा म्हणून काही सांगायला गेला की हे घाबरून माझा पदर धरतात. त्यांच्याशी बोलणारी घरात मी एकटीच उरले. मी आधी गेले तर यांस तहान लागली हे कोणास कळणार, तीच भीती मज खाते.

आता दुपारी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसते. श्वास थांबला की हलवते. डोळे उघडतात, मज ओळखत नाहीत, पण रीत सोडली नाही, हात जोडून म्हणतात, क्षमा करा बाई, घोरलो काय?

घोरा हो, म्हणते, खुशाल घोरा.