घाटोळे नावाचं तण

...आणि वर तो प्रोफेसर माझा हात हातात घेऊन म्हणतो, "अभिनंदन, घाटोळेसाहेब, अमर झालात." अमर? तुम्हाला सांगतो, उभी हयात बातमीदारीत गेली, पुढाऱ्यांनी शिव्या दिल्या, ठेकेदारांनी धमक्या दिल्या, पण इतकं गोड हसत माझं वाटोळं करणारा माणूस पाहिला नव्हता. माझं नाव तणाला दिलं हो. आणि तण तरी कसलं? चिकट, बोकडासारखा वास मारणारं, धोतराला लागलं की धोतर फाटेल पण ते सुटणार नाही असलं...

मुळात झालं काय, की भिलाईत कारखाना उभा राहायला लागला, सेक्टर झाले, रस्ते झाले, आणि रस्त्याकडेच्या झाडांना नावाच्या पाट्या लावायचं ठरलं. त्यासाठी नागपूरहून हे प्रोफेसर कृष्णराव आले, वनस्पतिशास्त्राचे, खांद्याला पत्र्याचा डबा, दिसलं रोपटं की घाल डब्यात. मी गेलो बातमीला, पाटी वाचली आणि डोकं फिरलं. आपटा, बरं का, आपला दसऱ्याचा आपटा, ज्याची पानं सोनं म्हणून आपण थोरामोठ्यांच्या हातावर ठेवतो, तो कुणाच्या नावावर? तर स्वित्झर्लंडच्या बाउहीन नावाच्या दोन भावांच्या. का, तर पान मधोमध दुभंगलेलं, दोन भावांसारखं. अरे, त्या भावांनी कधी सीमोल्लंघन केलं होतं? बोगनवेल कुणाची, तर एका फ्रेंच दर्यावर्द्याची. मग लिहिलं मी. "साहेब गेला, आता झाडं तरी सोडवा" असा मथळा दिला आणि त्यात प्रोफेसरांना "गोऱ्यांचा बिनपगारी माळी" म्हटलं. आता यात माझं काय चुकलं, सांगा.

प्रोफेसरांनी माझ्या लेखाची घडी करून डब्यात ठेवली. भांडणारा माणूस परवडतो हो, हा डबा घेऊन निघाला. कारखान्याचे बुलडोझर यायच्या आधी रुआबांधा गावाकडे हिंडला, हे तण उपटलं, लॅटिनमध्ये त्याचं वर्णन लिहिलं, पुढे माझं आडनाव जोडलं आणि दिलं शास्त्राच्या मासिकात छापून. मी तणतणत गेलो, तर मलाच चहा पाजून इतिहास सांगतो. "घाटोळेसाहेब, पूर्वी एकेका झाडाचं नाव ओळभर लांब असायचं. तुळशीला पाणी घालायचं तर नाव संपेपर्यंत तांब्या रिकामा. मग दोनशे वर्षांमागं स्वीडनचा लिनियस आला, त्यानं दोन शब्दांत आटपलं. आता त्याच्यावर झीगेसबेक नावाच्या गृहस्थानं फार वाईट टीका केली. तेव्हा लिनियसनं काय करावं? एका चिकट तणाला त्याचं नाव दिलं. मी फक्त परंपरा पाळली."

परंपरा! माझ्या बापानं नागपूर लाईनीवर रेल्वेत इमानानं झेंडी दाखवली, घाटोळे म्हटलं की स्टेशनमास्तर खुर्ची द्यायचा, ते आडनाव आता बकऱ्यांच्या शेपटीला. मस्करी नाही, गावभर बातमी झाली. शेजारच्या तुळसाबाई कुंपणावरून ओरडतात, "घाटोळेभाऊ, तुमचा घाटोळे आमच्या बकरीले चिपकला, काढून द्या ना." त्यांचा नवरा फकिरा, कारखान्यात फिटर, तो म्हणतो, "भाऊ, मी तं सकाळपासून घाटोळेच उपटून राहिलो, मुळी मोठी खोल हाय." आणि आमची अन्नपूर्णा? बायकोनं तरी बाजू घ्यावी की नाही? ती तांदूळ निवडता निवडता म्हणते, "त्या मास्तरानं तुमाले बरोबर वयखलं. कावून लिवलं तसं? आता पोरीले पाहाले पाव्हणे येतीन, त्याईले काय सांगू?" आता यात माझं काय चुकलं, सांगा.

पोरीचं नाव निघालं आणि मी हललो. पुन्हा प्रोफेसरांकडे. म्हटलं, हवं तर माझं चुकलं म्हणा, पण नाव मागे घ्या. म्हणतात, "मलाही घेता येत नाही. एकदा छापलं की छापलं." अहो, आम्ही पेपरवाले सुद्धा पाचव्या पानावर दिलगिरी छापतो, यांच्यात तेवढीही सोय नाही. "एकच वाट आहे," म्हणाले, "हेच झाड आधी कुणी नाव देऊन छापलं असेल तर त्याचं खरं, माझं रद्द. पहिला छापेल तो मालक." आता हा नियम आमच्याच धंद्यातला, यावर भांडणार कसा?

मग काय, पिशवीत तण कोंबलं आणि दुर्गहून कलकत्त्याची गाडी धरली. डब्यात बसायला इतकी ऐसपैस जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती, वासच तसा. आणि रस्ताभर, तुम्हाला सांगतो, कुणाला सांगू नका, मी देवाला हात जोडत होतो, की देवा, शंभर वर्षांपूर्वी एखादा गोरा, घोड्यावरून का होईना, छत्तीसगडातून गेलेला असू दे, आणि हे तण त्याच्या विजारीला लागलेलं असू दे. मी, साहेबासाठी नवस बोलतोय!

आणि होता. कलकत्त्याला वाळवलेल्या झाडांचा मोठा संग्रह आहे, तिथल्या बाबूनं माझं तण हुंगलं, नाक धरलं, आत गेला आणि कागदावर डकवलेलं तेच तण घेऊन आला. कुणी विल्मॉट नावाचा पलटणीचा डॉक्टर. त्यानं या तणाला आपल्या सासूचं नाव देऊन ते छापलंही होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या बाबूला मिठी मारली, पिशवीसकट, तो अजून सुटा झालाय की नाही कोण जाणे.

परतलो, पुरावा प्रोफेसरांपुढे टाकला. त्यांनी चष्मा पुसला, मान्य केलं. सज्जन माणूस. "बरोबर आहे, तुमचं नाव रद्द. आता विल्मॉटसाहेबानं दिलेलंच चालेल." मी उठलो, तर म्हणतात, "फक्त एक. रद्द झालेलं नाव आम्ही फेकत नाही. खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, कायमचं छापतो."

म्हणजे बघा, स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, पण पुस्तकात वर साहेबाची सासू आणि तिच्या खाली मी. आणि तिला तिथं बसवायला तिकीट काढून कलकत्त्याला कोण गेलं होतं? मीच गेलो होतो.