तार चावते

“हॅलो? … हाव, बोल गोपिके. … जोरानं बोल, कूलर चालू आहे. … थांब, बंद करते. … हं, आता बोल.”

प्रमोदिनीबाईंनी कूलर बंद केला आणि तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. वर्ध्याच्या एका शाळेत त्या सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होत्या. एप्रिलच्या भर दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला म्हणजे तळेगावला काहीतरी अडलं, हे त्यांना ठाऊक होतं. गोपिकेचे यजमान मनोहरराव तिथे भाजीपाला पिकवायचे. त्यांची एकुलती एक खुशी बारावीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झाली होती आणि गिटारनं पुरती झपाटली होती.

“काय म्हणतं? गिटार घूं करते? … अवं, गिटार नाई, तो डबा करत असन. अँप. … हाव, ऋग्वेदनं दिलेला तोच.”

ऋग्वेद बाईंचा मुलगा. पुण्याला नोकरी लागल्यावर त्यानं आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि ती ज्यातून मोठ्यानं वाजते तो अँप दिवाळीत या मावसबहिणीला देऊन टाकला होता. आज गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन. खुशी पहिल्यांदाच चारचौघांसमोर गाणार आणि वाजवणार होती.

“सहाले आहे ना कार्यक्रम? मंग वेळ आहे. … घरी कमी होता आवाज? … हं, सभागृहात पंखे आले, ट्यूबलाइटा आल्या. गिटारच्या तारांखाली तांब्याची गुंडाळी असते, थे आजूबाजूचं सारंच ओढून घेते. … तिले म्हणा, ट्यूबलाइटपासून दूर उभी राह्य. … केलं? … अन् तारांवर हात ठेवला की कमी होते? … हाव, तसं होतेच. … म्हून ती हात काढतच नाई? सकाळपासून?”

बाईंना हसू आलं. पोर गिटारला कवटाळून उभी असेल, असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

“हं … हं … काऊन, माईकचं काय झालं आता? … करंट? कोणाले? … खुशीले? … थांब, थांब. नीट सांग. … ओठाले?”

हसू तोंडावरच राहिलं.

“गात होती, ओठ लागले माईकले … अन् झटका बसला. … गिटार गळ्यात होती तेव्हा? … फोड आला? अरे बापा! अन् तू मले आवाजाचं सांगून राह्यली! … नाई, माईक खराब नाई. … रुमाल बांधून काही होत नाई वं! … ऐक ना. गोपिके, ऐक ना! आता कुठं आहे ती? … स्टेजवर. … गिटार गळ्यातच? … पायात काय आहे? … सरस्वतीचा फोटो मांडला म्हून चपला काढल्या. बरं. अन् खाली? … सिमेंट. … पाणी मारलं? कोणी? … गारवा यावा म्हून?”

बाई ताडकन उठल्या. पेपर खाली पसरले, त्यांतल्या एकावर त्यांचा पाय पडला, तरी त्यांना कळलं नाही.

“ओरड. आहे तिथूनच ओरड. माईकले हात लावू नको म्हणा, हलू नको म्हणा. … कारण मागून विचार, आधी ओरड! … आता तू तिच्याकडे नको जाऊ. तिले धरू नको. भिंतीवरच्या बोर्डाकडे जा अन् बटन बंद कर. … डब्याचं नाई, भिंतीवरचं! पळ!”

फोनमधून चपलांचा फटफट आवाज आला. कोणीतरी “माईक टेस्टिंग, वन टू” म्हणत होतं. एक खुर्ची पडली.

“झालं? … डब्यावरचा लाल लाईट गेला? … आता प्लग ओढ. पूर्ण बाहेर काढ. … काढला? मंग गिटार उतरवू दे तिले. … उतरवली? बोलून राह्यली ना ती? … हसून राह्यली? … हसू दे.”

आता कुठे बाई खाली टेकल्या. दर वर्षी दहावीच्या वर्गात त्या तीन पिनचा प्लग उघडून दाखवत. यंत्राच्या आत बिघाड होऊन वीज पत्र्यावर उतरली, तर ही हिरवी वायर तिला सुखरूप जमिनीत नेते, असं सांगत. इथे तर डब्यातली वीज सरळ गिटारच्या तारांवर आली होती आणि माईकमधून जमिनीकडे जाण्यासाठी तिला पोरीचे ओठ सापडले होते. हिरवी वायर काय करत होती मग?

“मनोहरराव आहेत का जवळ? … वावरात. मंग बिजलीचं काम समजणारं कोणी? … चंद्रभान कोण? … मंडपाचा इलेक्ट्रिशियन. दे त्याले. … हॅलो, चंद्रभानभाऊ? मी खुशीची मावशी, वर्ध्याहून. … नाई, तुमच्या कामाले नाव ठेवत नाई मी. त्या बोर्डाची अर्थिंग पाहिली का? … बल्ब लावून? पूर्ण पेटला? … मंग बोर्ड चांगला आहे. भाऊ, त्या डब्याचा प्लग उघडा बरं. स्क्रू आहे मधात. … थांबते मी. … उघडला? हिरवी वायर पाहा. मोठ्या पिनले कसली आहे? … सुटली? … सुटली नाई. मंग? … कापलेली. … टोकाले काय गुंडाळलं म्हणता? … पांढरी पट्टी. … कापडाची, जखमेले लावतो तशी.”

चंद्रभान पलीकडून दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाला असावा.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऋग्वेद अकरावीत होता आणि गाणं रेकॉर्ड करायला त्यानं अँप कॉम्प्युटरला जोडला होता. तीन दिवस घरात ती घूं घूं. बाईंच्या पुढ्यात बोर्डाचे पेपर. दोन्ही यंत्रांना वेगवेगळी अर्थिंग मिळाली की त्यांच्यात फेरा तयार होतो आणि तोच घुमतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. एक वाट तोडली की आवाज बंद. त्यांनी प्लग उघडला, भाजीच्या सुरीनं हिरवी वायर कापली, घरात टेप नव्हती म्हणून औषधाच्या डब्यातली पट्टी गुंडाळली आणि प्लग पुन्हा कसून टाकला. घर कसं शांत झालं! पेपर संपले की जोडू, असं ठरवलं आणि विसरून गेल्या. बाहेरून तिन्ही पिना तशाच चकचकीत.

“आहे भाऊ, आहे मी. … नाई, कोण्या गाढवानं नाई. मी केलं थे. … हाव, मीच. … गोपिकेले द्या.”

“गोपिके … कळलं ना तुले. … ऋग्वेदनं नाई वं, त्याले माहीतबी नाई. … बोल. बोल तू, मी ऐकते. … हाव. … हाव, विज्ञान शिकवते मी. … हाव, पोरगी गेली असती. … रडू नको ना. … जोडून भागत नाई आता, आत बिघाड आहे त्याच्या. आज तो डबा लावायचाच नाई. … माहीत आहे मले, सहा महिने बोटं सोलून घेतले तिनं. … तू नको सांगू. खुशीले दे, मी सांगते.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“खुशी, बेटा. ओठ आगते का? … छातीत काही? धडधड? हाताले मुंग्या? … नाई, तरीबी आधी दवाखान्यात जाजो. आईसंग जा, आत्ताच. … तू ऐकलं ना सारं? … हाव. … नाई, चुकून नाई झालं. काय कापून राह्यली थे मले समजत होतं. … आवाजाचा वैताग आलता, बस. दुसरं काही कारण नाई. … काय? ऋग्वेददादा? … हाव, याच्यावरच वाजवे तो. चार वर्षं.”

हे बोलून होईपर्यंत बाईंच्या ते मनातही आलं नव्हतं. चार वर्षं! एकदा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता, म्हणजे त्याच्यातून अँपला मिळणारी अर्थिंगही गेली होती, तेव्हा आतल्या खोलीतून ऋग्वेद ओरडला होता, “आई, तार चावते गं!” बाईंनी पोळी लाटता लाटता, मान वर न करता सांगितलं होतं, “चप्पल घालून वाजव.” आणि तो घालायचा. गुणी पोर. आईनं का सांगितलं ते त्यानं कधी विचारलं नाही, आणि तार का चावते ते आईनं.

पलीकडे खुशी काहीतरी विचारत होती.

“हं? … आहे, आहे. बोल. … वायर लावायचीच नाई? नुसती माईकपुढे धरून? …”

बाईंनी डोळे मिटून सगळं चित्र मनात तपासलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

“चालते. गिटारले काहीच जोडलं नाई तं तिच्यात काही येऊच शकत नाई. पण आवाज बारीक येईन. माईक स्टँडवर, तारांपासून चार बोटं दूर. … स्टेज पुसून सतरंजी टाका म्हणा. … अन् पंखे बंद. … बसतीन वं लोक घामात, एका गाण्यापुरते. … मावशीवर राग आहे? … आहे. बरं झालं सांगतलं. … नाई, राग सोडून दे असं नाई म्हणत मी. … दे आईले.”

बाईंनी खाली वाकून पेपर गोळा केले, पण लावले नाहीत. तसेच पलंगावर टाकले.

“गोपिके, डॉक्टर काय म्हणते थे कळवजो. … दोनची गाडी आहे आर्वीमार्गे, तिनं येते मी. … कोणाले तोंड दाखवायले नाई, तिचं ऐकायले येते. मागं बसीन. … आता ठेव वं. बस स्टँडवर जायच्या आधी मले ऋग्वेदले फोन करायचा आहे. … नाई, खुशीचं नाई. … त्याले विचारायचं आहे, किती डाव चावली थे तार. … ठेव.”